कॅश टॅली

एका संध्याकाळी पावणेपाच वाजता माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले आणि त्यामुळे मी चित्रकलेच्या इतिहासाकडे वळलो. बी. कॉम. झालेल्या माणसाला इतिहासाकडे वळायला इतपत सबळ कारण लागतंच. नुसत्या जिज्ञासेपोटी आम्ही कुठे वळत नाही.

ज्यांनी कधी बँकेच्या कॅश काउंटरवर बसून दिवस काढलेला नाही, त्यांना 'कॅश कमी येणे' म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. हिशोब सरळ असतो. सकाळची शिल्लक, अधिक आलेली, वजा गेलेली, बाकी राहिली ती ड्रॉवरमध्ये असली पाहिजे. नसली तर ती तुमच्या खिशातून असली पाहिजे. या शेवटच्या वाक्याची शिक्षणक्रमात कुठे सोय नव्हती, ते मला नोकरीत कळलं. संगणक आला, आमचं नाव कॅशिअरचं 'सिंगल विंडो ऑपरेटर' झालं, पण संगणक फक्त किती असायला हवेत ते सांगतो. किती आहेत ते अजून बोटांना थुंकी लावूनच मोजावं लागतं.

त्या दिवशी चार वेळा मोजलं. ड्रॉवर उपडा केला. बंडलांच्या पट्ट्या सोडून पुन्हा बांधल्या. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी, "अहो, दहाच्या बंडलात बघा, मागे माझी दोनशेची तिथे सापडली होती," असा अनुभवाचा सल्ला दिला. हेडकॅशिअर साहेब तिजोरीच्या किल्ल्या वाजवत उभे राहिले. किल्ल्या वाजवणं हा त्यांचा संताप व्यक्त करण्याचा शासकीय मार्ग आहे. शेवटी मी स्वतःच्या पाकिटातली पाचशेची नोट काढून ठेवली, कॅश टॅली झाली, तिजोरी बंद झाली आणि सगळे माझ्याकडे मयताला आल्यासारखे बघत घरी गेले.

आता इथून पुढे जे झालं ते मी आतापर्यंत सौ.लासुद्धा नीटसं सांगितलेलं नाही.

त्या दिवशी नोटा मोजायचं मशीन अडलं होतं आणि एका पेन्शनर बाईंना मी हाताने मोजून साडेचोवीस हजार दिले होते. म्हणजे पाचशेच्या एकोणपन्नास नोटा. एकोणपन्नास हा मोठा वाईट आकडा आहे. पन्नासला बोटं आपोआप थांबतात, एकोणपन्नासला थांबवावी लागतात. मला स्कूटरवर बसल्यावर एकाएकी खात्रीच पटली, की बोटं थांबली नाहीत. आपण पन्नास दिल्या! बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी उलटलेली, फ्रॉकवजा झगा, पांढरा बॉबकट, हातात कापडी पिशवी. नोटा न मोजता पिशवीत टाकून "थँक्यू हं, कॅशिअरसाहेब" म्हणून गेल्या होत्या. न मोजता! त्या क्षणी मला तो विश्वास वाटला होता. संध्याकाळी तो पुरावा वाटायला लागला.

पत्ता खात्याच्या फॉर्मवर होता. असा पत्ता वापरणं नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. माझी स्कूटर मात्र नियम न वाचताच नाना पेठेकडे वळली.

क्वार्टर गेटच्या अलीकडे सिटी चर्च आहे. पुणेकरांना ते रिक्षा थांबवायची खूण म्हणून माहीत असतं. ते १७९२ सालचं आहे आणि त्याला जागा दिली होती सवाई माधवराव पेशव्यांनी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्या प्रार्थनेची सोय. शनिवारवाड्यातून चर्चला जागा मिळाली ही गोष्ट आमच्या शाळेच्या इतिहासात नव्हती. पानिपत मात्र दर इयत्तेत होतं.

बाईंचं घर चर्चच्या मागच्या बाजूला, जुन्या बैठ्या चाळीत. दार उघडून त्यांनी मला पाहिलं आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "काय, कमी आले का?"

मी नव्हे नव्हे म्हणत आत गेलो. सहज इकडून चाललो होतो, नुसतं एकदा, मशीन बिघडलं होतं ना, तुम्हालाच कमी तर गेले नाहीत, असं काहीतरी मी बोललो. 'तुम्हालाच कमी तर गेले नाहीत' ही कल्पना मला ऐन वेळी सुचली होती आणि मी मनातल्या मनात स्वतःवर खूष होतो. बाईंनी काही न बोलता बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्यातून गड्डी काढली आणि टेबलावर माझ्यासमोर एकेक नोट ठेवत मोजायला लागल्या. तोंडाने, मोठ्यांदा, पहिलीच्या वर्गाला शिकवावं तशा. मीही नकळत त्यांच्याबरोबर ओठ हलवत होतो. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. मग त्यांनी रिकामा डबा माझ्यासमोर उपडा करून हलवला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला.

आयुष्यात मी अनेक ठिकाणी शरमलो आहे. पण बिस्किटाच्या चुऱ्यापुढे इतका कधी शरमलो नव्हतो.

नजर वर उचलायची म्हणजे कुठेतरी ठेवायला हवी, म्हणून भिंतीकडे पाहिलं. तिथे एक लहानसं चित्र होतं. जुन्या छापील कार्डाला चौकट केलेली. जमिनीवर बसलेली बाई, अंगावर साडी, डोक्यावर पदर, मांडीवर मूल. रंग असे, की कागदावर लावलेले नसून कागदातून उगवलेले. मी बुडत्याने काडी धरावी तशी त्या चित्राचा विषय धरला. म्हटलं, "वा! यशोदा फार सुंदर आहे."

"यशोदा नाही ती," बाई म्हणाल्या. "मारिया आहे. बसा, चहा टाकते."

त्या चहाच्या वेळात मला जे कळलं, आणि नंतरचे कित्येक रविवार वाचनालयात बसून मी त्यात जी भर घातली, ती आता वाचकांच्या खात्यात जमा करतो.

चित्र होतं आंजेलो द फोन्सेका यांचं. जन्म १९०२, गोव्यात, तिसवाडीतल्या सांत इस्तेव्ह म्हणजेच जुवें बेटावर. गोव्यातल्या खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगा, घरच्यांनी मुंबईला डॉक्टरकीला घातला. मुलाने ती सोडली. इथपर्यंतची गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात घडते. पुढे तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तेही सोडलं! आमच्याकडे दुसऱ्यांदा सोडल्यावर मुलाला मामाकडे पाठवतात. हा गेला शांतिनिकेतनला, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. जे. जे.त साहेब शिकवत होते ती साहेबी चित्रकला. याला हवी होती इथली.

तिथे तो जलरंग शिकला. बंगालकडच्या त्या मंडळींची जलरंगाची एक रीत आहे. अवनींद्रनाथांनी ती जपानहून आलेल्या चित्रकारांचं काम बघून बसवली. रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग कागद पाण्याने धुवायचा. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. दर वेळी थोडा रंग वाहून जातो आणि थोडा कागदाच्या अंगात मुरतो. आमच्या घरी दरसाल दिवाळीत घेतलेल्या साडीवर हाच प्रयोग होतो आणि दुकानदाराशी भांडण होतं. पण तिकडे त्यातून असा मऊ, धुक्यातला उजेड येतो, की चित्रातला दिवा लावलाय कुठे ते सापडत नाही आणि प्रकाश मात्र सगळीकडे.

हे शिकून फोन्सेका १९३०च्या सुमारास गोव्याला परत गेले. परत जाऊन त्यांनी मारियेला साडी नेसवली.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. तिथल्या धर्मगुरूंना आणि प्रतिष्ठितांना हे फार झोंबलं. देवाची आई आणि साडीत? अंगणात धान्य वाळत घालणाऱ्या बायकांसारखी? फोन्सेकांना तिथे राहणं अवघड झालं आणि त्यांनी गाव सोडलं.

मला यातली खरी गंमत नंतर कळली. मारिया ही पॅलेस्टाइनमधल्या नाझरेथची, सुताराच्या घरातली बाई. तिला इटालियन चित्रकारांनी शतकानुशतकं इटालियन सरदारीण म्हणून रंगवलं, फ्लँडर्सच्या लोकांनी आपल्याकडची गोरीपान व्यापाऱ्याची बायको म्हणून रंगवलं, आणि कोणाला खटकलं नाही. अकबराच्या दरबारात १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री बायबल घेऊन गेले, तेव्हा बादशहाच्या चितऱ्यांनी ती चित्रं बघून हौसेने मारिया रंगवली. तेही चाललं. आणि खुद्द गोव्यात, फोन्सेकांच्या आधी तीनशे वर्षं, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने येशूची सगळी कथा मराठी ओवीत लिहिली होती. 'ख्रिस्तपुराण', १६१६ साल, राशोलची छपाई, अकरा हजारांच्या आसपास ओव्या! म्हणजे १६१६ला मारियेने मराठीत बोललेलं चाललं. १९३०ला तिने साडी नेसलेली चालेना. तीनशे वर्षांत माणूस पुढे जातो असं जे आपण धरून चालतो, त्या जमेच्या रकमेवर कधीतरी लाल शाईने खूण करून ठेवावी.

गाव सोडून फोन्सेका आले पुण्याला. पुण्यात बाहेरचा माणूस आला की त्याला पहिल्यांदा पाटी वाचावी लागते. फोन्सेकांना नशिबाने असं दार मिळालं जिथे पाटी नव्हती. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. त्याची मूळ कल्पना जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्याची. हा गृहस्थ नगर जिल्ह्यात मिशनरी म्हणून आला होता, तिथे रेव्हरंड टिळकांच्या लिखाणाने भारावला आणि १९२३ साली त्याने टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याने ख्रिस्त सेवा संघ काढला होता. खादी घालायची, जमिनीवर बसायचं, इथल्या माणसांसारखं राहायचं. त्या दशकाच्या अखेरीस संघ पुण्यात आला. पुढे आदिवासींमध्ये जन्म घालवलेले व्हेरिअर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आले ते याच संघात, आणि त्यांचे जन्माचे सोबती शामराव हिवाळे त्यांना भेटले तेही इथेच.

आता यातली अडचण बघा. संघ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा. फोन्सेका गोव्याचे रोमन कॅथॉलिक. एका बँकेच्या माणसाने दुसऱ्या बँकेच्या क्वार्टर्समध्ये राहायचं, आणि खातं पहिल्याच बँकेत ठेवायचं, असला हा प्रकार. आमच्याकडे याला युनियनने हरकत घेतली असती. पण फोन्सेका राहिले, चांगले वीस वर्षांच्या आसपास राहिले. पेशव्यांनी ज्यांना जागा दिली त्यांच्याच गावाकडच्या चित्रकाराला शेवटी पुण्यानेच जागा दिली, हे वाचताना मला पुण्याचा अभिमान वाटला. हा प्रसंग दुर्मिळ असल्यामुळे नोंदवून ठेवतो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास हे स्पेनचे जेझुइट. फोन्सेकांना धीर देणाऱ्यांपैकी ते एक. म्हणजे गोव्याच्या माणसाचं हिंदुस्थानीपण गोव्याने नाकारलं, आणि त्याला पाठिंबा दिला तो एका इंग्रजाच्या आश्रमाने आणि एका स्पॅनिश प्राध्यापकाने. फोन्सेका चित्रं काढत राहिले. घोषणेची, जन्माची, आईची, मुलाची. १९५१ साली त्यांनी लग्न केलं. पत्नी आयव्ही, आणि नंतरच्या कितीतरी चित्रांतली मारिया तिच्या चेहऱ्याची. हे मला फार आवडलं. आपल्या बायकोचा चेहरा देवीला देणं सोपं नाही. घरी रोज तोंड दाखवायचं असतं.

१९६२ ते १९६५ रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि तिने ज्या त्या देशाच्या भाषेला आणि रीतीला चर्चमध्ये मानाने आत घेतलं. म्हणजे फोन्सेकांचा चेक तीसेक वर्षांनी का होईना, वटला. दोन वर्षांनी, १९६७च्या डिसेंबरात, ते पुण्यात वारले. त्यांची शेकडो चित्रं आयव्हीबाईंनी जपली आणि शेवटी ती गोव्याला गेली, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये. ज्या गावाने माणूस ठेवला नाही त्याने कागद ठेवले. आमच्या खात्यात याला 'उशिरा आलेलं क्रेडिट' म्हणतात, आणि त्यावर व्याज मिळत नाही.

परत त्या संध्याकाळच्या चहाकडे येतो. बाईंनी चहाबरोबर माझ्यापुढे डब्यातली बिस्किटं ठेवली (मी दोन खाल्ली, तीही मान खाली घालून) आणि म्हणाल्या, "तुमच्यासारख्या एका बाईची गोष्ट आहे आमच्याकडे. तिचीसुद्धा कॅश कमी आली होती."

लूकच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. येशूला लोकांनी टोचून विचारलं, की तू असल्यातसल्या माणसांच्या पंक्तीला का बसतोस? त्यावर त्याने लागोपाठ तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही हरवण्याच्या. शंभर मेंढरांतलं एक हरवतं. दोन मुलांतला एक हरवतो, तो उधळ्या पुत्र. आणि मधली गोष्ट एका बाईची. तिच्याजवळ चांदीची दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. सापडल्यावर मैत्रिणींना नि शेजारणींना बोलावून आनंद करते.

मी कान टवकारले. गोष्ट संपूर्णपणे आमच्या खात्यातली होती. एक नाणं म्हणजे द्राख्मा, त्या काळच्या मजुराची साधारण दिवसाची मजुरी. दहापैकी एक म्हणजे दहा टक्के तूट! आमच्याकडे दहा टक्के तूट आली तर दिवा लावून शोधायला पोलीस येतात. आणि मग मी, कॉमर्सचा पदवीधर या नात्याने, माझी शंका मांडली. "बाई, शेजारणींना बोलावलं म्हणजे काहीतरी खायला दिलं असणार. त्यात ते नाणं संपलं नसेल का? मग सापडून फायदा काय?"

बाई हसल्या. "चाळीस वर्षं मुलांना ही गोष्ट सांगितली. हे कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी मला एक जुनं मराठी बायबल वाचायला दिलं. ते मी पुढच्या दोन आठवड्यांत जमेल तितकं वाचलं, आणि एक गोष्ट सांगतो, त्यातल्या दाखल्यांत बँकिंग ठासून भरलेलं आहे. एक मालक परगावी जाताना चाकरांकडे पैसे ठेवतो. दोघे दुप्पट करतात, तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो. परत आल्यावर मालक त्याला झापतो, की निदान पेढीवर ठेवले असतेस तर व्याज तरी आलं असतं! ठेवींची इतकी जुनी जाहिरात आमच्या हेडऑफिसला कशी सापडली नाही कोण जाणे. दुसऱ्या एका दाखल्यात सकाळपासून राबलेल्यालाही आणि शेवटचा तासभर आलेल्यालाही सारखीच मजुरी मिळते. हा मी आमच्या युनियन सेक्रेटरींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे करारात बसत नाही." आणि एक कारभारी तर, नोकरी जाणार असं दिसताच, कुळांना बोलावून शंभर मण तेलाचे पन्नास लिहा, शंभर मापं गव्हाची ऐंशी लिहा, असं करत सुटतो. आणि मालक त्याची अक्कल वाखाणतो! हे मी शाखेत कोणालाच वाचून दाखवलं नाही.

चित्रकारांनी मात्र या सगळ्यांत उधळ्या पुत्राचेच लाड केले आहेत. रेम्ब्रांटचं म्हातारपणातलं ते थोर चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे. गुडघ्यावर बसलेला मुलगा, तळपाय मळलेले, आणि बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर. नाणं शोधणाऱ्या बाईकडे फार थोडे वळले. सतराव्या शतकात डोमेनिको फेती नावाचा इटालियन वळला, १८६४ साली छापलेल्या दाखल्यांच्या वीस चित्रांत इंग्लंडच्या मिलेसाने तिला घेतलं. आणि एक जलरंगातलं चित्र आहे, ते मला आमच्या कन्येने मोबाईलवर शोधून दिलं. (तिला म्हटलं, "हरवलेल्या नाण्याचं चित्र शोध." ती म्हणाली, "बाबा, ऑफिसचं काम घरी आणू नका.")

चित्रकार जेम्स टिसो, फ्रान्सचा. हा आधी पॅरिस-लंडनच्या उंची झग्यातल्या बायका रंगवण्यात प्रसिद्ध होता. त्याची प्रेयसी १८८२ साली क्षयाने गेली. पुढे एका चर्चमध्ये त्याला काहीतरी दिसलं म्हणे, आणि झग्यांचा धंदा सोडून हा १८८६ साली थेट पॅलेस्टाइनला गेला. तिथले चेहरे, भिंती, घागरी, कपडे वहीत उतरवून आणले आणि येशूच्या आयुष्याची साडेतीनशे जलरंगी चित्रं केली. त्यात ही 'हरवलेला द्राख्मा'. दिवा घेऊन वाकलेली बाई. देवदूत नाहीत, प्रभावळ नाही. नुसतं शोधणं. तो वाक मी ओळखला. चार वेळा मोजून झाल्यावर काउंटरखाली बघताना कॅशिअरची कंबर अशीच वाकते.

टिसोने मारियेला आणि त्या बाईला पॅलेस्टाइनच्या कपड्यांत काढलं तर पॅरिस-लंडनला रांगा लागल्या, आणि १९०० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने लोकवर्गणी काढून सगळा संच विकत घेतला, साठ हजार डॉलरला. मग फोन्सेकांनी गोव्याच्या कपड्यांत काढलं तर गाव का सोडावं लागलं? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, लांबच्या गरीब बाईत देव दिसणं सोपं असतं. शेजारच्या अंगणातलीत दिसायला लागला की पंचाईत होते. उद्या तिला खुर्ची द्यावी लागेल.

टिसो १९०२ साली वारला. त्याच साली फोन्सेका जन्मले. एवढी टॅली आमच्याकडेसुद्धा होत नाही. फोन्सेकांनी ही नाणंवाली बाई काढली असती तर कशी काढली असती, हे मी पुष्कळदा मनात रंगवून बघतो. शेणाने सारवलेली जमीन. समई हातात धरता येत नाही म्हणून निरांजन. साडीचा काष्टा. केरसुणी.

केरसुणीवरून आठवलं. नोट सापडली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी. मी पोचायच्या आधी झाडलोट करणाऱ्या मावशींनी काउंटर भिंतीपासून वीतभर ओढला, पाठीमागे केरसुणी घातली, आणि केरातून पाचशेची नोट बाहेर आली. ड्रॉवरच्या मागच्या फटीतून घसरली होती. मावशींनी ती माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवली आणि वर मला दम दिला, "दादा, महिन्यातून एकदा तरी सरकवत जा हे. जाळी किती झालीत मागं!"

मी इतका हरखलो, की साडेअकराला समोरून सगळ्या शाखेसाठी बटाटेवडे आणि चहा मागवला. मावशींना चार वडे बांधून वेगळे. बिल झालं सहाशे चाळीस रुपये. वडा तोंडात असताना माझ्या ध्यानात आलं की पाचशे सापडल्याबद्दल मी सहाशे चाळीस खर्च केले आहेत. म्हणजे त्या नाणंवालीच्या हिशोबाबद्दलची माझी शंका मीच निकालात काढली होती, आणि तिच्यापेक्षा जास्त तोट्यात.

वडे सगळ्यांना पोचले. एका माणसाला नाही. ज्या घरी मी डबा उपडा करायला लावून आलो होतो तिथे जाऊन 'नोट सापडली' एवढं सांगायचं होतं. नाना पेठ काही काशीला नाही. पण मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. बायबल परत करायचं निमित्तसुद्धा हाताशी होतं. तरी पाय निघेना. चूक करायला जाताना स्कूटर आपोआप वळली होती. कबूल करायला जाताना रोज पंक्चर.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला बँकेत येतात. बाईही आल्या. यंत्रावर अंगठा उठेना. वयाने रेषा पुसट होतात. मी त्यांचा अंगठा ओल्या रुमालाने पुसून पुन्हा लावला. तिसऱ्या वेळेला उठला आणि त्या वर्षभरासाठी जिवंत झाल्या. मग काचेपलीकडून माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या,

"सापडलं का हो नाणं?"

"सापडलं," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलावलंत का शेजाऱ्यांना?"

"हो. म्हणजे, वडे मागवले."

"मला नाही बोलावलंत," बाई म्हणाल्या.

रागाने नव्हे. फळ्यावर उत्तर चुकलं की बोट ठेवून दाखवतात तसं. मी काही बोललो नाही. मागे रांगेतले आजोबा, "अहो, आमच्याही अंगठ्याचं बघा," म्हणून ओरडत होते.

त्या संध्याकाळी स्कूटर पंक्चर झाली नाही. सहा वडे, चटणी वेगळी, आणि बायबल. मी दारातच, पाठ केल्यासारखं, त्या दिवशी कशासाठी आलो होतो ते सरळ सांगून टाकलं. "तुम्ही दार उघडलंत तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या, आणि बश्या आणायला आत गेल्या. वडा तिखट आहे असं त्या दोनदा म्हणाल्या आणि तिसरा घेतला. निघताना त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून दिलं. भिंतीवरचंच चित्र, त्याच कार्डाची दुसरी प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या.

मी ते घरी आणून फडताळावर टेकवून ठेवलं आणि हातपाय धुवायला गेलो. बाहेर येऊन बघतो तर ते तिथे नव्हतं. ते देव्हाऱ्यात गेलं होतं, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मधोमध.

"यशोदा छान आहे रे," आई म्हणाली. "कुठून आणलीस?"

मी सुरुवात केली. म्हटलं, आई, ही यशोदा नव्हे, ही गोव्याच्या एका चित्रकाराने, १९०२ सालचा जन्म त्याचा, पुण्यातच होता तो शिवाजीनगरला… आईने सगळं ऐकून घेतलं. साडी नेसवली म्हणून गाव सोडावं लागलं हे ऐकल्यावर तिने "अगंबाई" म्हटलं. मग पुन्हा एकदा चष्मा वर करून चित्राकडे निरखून पाहिलं, आणि समई थोडी डावीकडे सरकवली. बाळाच्या तोंडावर उजेड येत नव्हता म्हणाली.